टकटकबाईंचं नववं बटण

एक्स-रे सेंटरमध्ये तिला सगळे टकटकबाई म्हणत. डॉक्टरीणबाई फिल्म बघत बघत बोलायच्या, हिच्या कानात हेडफोन, आणि कीबोर्डवर बोटं अशी धावायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. अर्थाशी तिला देणंघेणं नसे. कानातून आत, बोटांतून बाहेर; मधे डोक्याला विचारायची पद्धतच नव्हती. एकदा डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता चहा मागवला, तर कुणाच्या तरी मणक्याच्या रिपोर्टात ‘साखर कमी’ असं उमटलं होतं! वेळीच सापडलं म्हणून बरं, नाहीतर तो बिचारा पेशंट आजवर फिका चहा पीत बसला असता.

अशा या बाईला अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा, चालू लागली, बोलू लागली. उजवा हात मात्र काही केल्या ताळ्यावर येईना. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ सांभाळून घेतलं, पण बाहेर बाकांवर पेशंट ताटकळत बसलेले, त्यांना तरी किती थांबवणार?

“सोमवारी या,” त्या म्हणाल्या. “सकाळचे रिपोर्ट दुपारपर्यंत निघाले तर खुर्ची तुमचीच. नाही निघाले, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हो.”

घरी येऊन ती ढसाढसा रडली. “खुर्ची गेली तर मी दिवसभर करू काय? भिंतींकडे बघत बसू?”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि बोलण्याचं म्हणाल तर आनंदच होता. लग्नाचं विचारतानासुद्धा त्याने “बघ, जमतंय का” एवढ्यावरच भागवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून एक तळहाताएवढा कीपॅड घेऊन आला. नऊ बटणं, बस्स.

“एकेका बटणाला एकेक काम शिकवायचं,” तो म्हणाला. “लिफ्टसारखंच. बटण दाबलं की थेट त्या मजल्यावर.”

नेहमी लागणारे आठ रिपोर्ट तिने निवडले. झिजलेला गुडघा, न मोडलेलं मनगट, निरोगी छाती, असे. मग जेवणाच्या टेबलावर दोघांचा कारखाना सुरू झाला. ती टाइप करेल ते अक्षर न् अक्षर कीपॅडने लक्षात ठेवावं म्हणून तो रेकॉर्डचं बटण दाबायचा आणि चष्मा नाकावर ओढून मजकूर वाचायचा. ती हेडफोन न लावता, त्याच्या आवाजावर, डाव्या हाताने टाइप करायची. मजकूर संपला की तो रेकॉर्डिंग बंद करून शेवटी छपाईची आज्ञा जोडून द्यायचा, म्हणजे तिला तेवढेही कष्ट नकोत. पहिल्या दिवशी नाकी नऊ आले. गुडघ्याच्या बटणात काय बिघडलं कोण जाणे, त्याने घरच्या प्रिंटरमधला कागदांचा गठ्ठाच्या गठ्ठा संपवला. पण लिफ्टवाला चिकट माणूस. खोडायचा, पुन्हा शिकवायचा, दाबून बघायचा.

रविवारी शेवटची छाती राहिली होती. तिचा डावा हातही भरून आला होता. तो नेहमीच्या सपाट आवाजात वाचत होता, “फुफ्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार योग्य.” आणि कागदावरून मान वर करून त्याच आवाजात म्हणाला, “दमलीस का? थांब जरा. मी आहे ना.”

ती थांबली. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं, छपाई जोडली, आणि छातीचं सकाळी तपासू म्हणून दोघं उठले. सकाळी बस पकडायच्या गडबडीत कुणाला आठवतंय?

सोमवारी काय सांगावं! डाव्या हाताने पेशंटचं नाव टाइप करायचं, एक बटण दाबायचं, की कागद प्रिंटरच्या बाहेर. दुपार व्हायच्या आत टेबल रिकामं. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्यांच्या हातात छातीचा एक रिपोर्ट होता.

“बाहेरच्या आजोबांनी परत आणलाय,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, रिपोर्ट फार मायेचा आहे, पण औषध काय घ्यायचं ते लिहिलं नाही.” आणि त्यांनी वाचून दाखवलं, “हृदयाचा आकार योग्य. दमलीस का? थांब जरा. मी आहे ना.”

सकाळपासून जेवढ्या छात्या आल्या, सगळ्यांना हेच गेलं होतं! गेली खुर्ची, असं म्हणून तिने सगळं खरं खरं सांगून टाकलं. टेबल, चष्मा, नवऱ्याचा आवाज, सगळं.

डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “छातीचे सगळे परत छापा. आणि उद्यापासून छापायच्या आधी वाचायचं, हे मी हसण्यावारी नेणार नाही. बाकी कामात बोट ठेवायला जागा नाही. खुर्ची तुमचीच आहे.”

संध्याकाळी हे ऐकून नवरा कानापर्यंत लाल झाला. “आण इकडे. पुसून टाकतो.”

“छातीतून पुसा. पण टाकून देऊ नका. नववं बटण रिकामंच आहे.”

“तिथे कशाला?”

“तुम्ही दिवसभर कुठल्यातरी लिफ्टमध्ये. मला तिथे असं विचारणारं कोण आहे?” ती म्हणाली. “अहो, तुम्ही होतात म्हणून मी आज त्या खुर्चीत बसले. मी हे कधी विसरणार नाही.”

तो बराच वेळ कीपॅडशी खुडबुड करत राहिला. मग म्हणाला, “याला छपाई जोडत नाही हं.”

अजूनही दुपारी हात जड झाला की ती नववं बटण दाबते. तेवढं एक बटण ती उजव्या हाताने दाबते. बोट जेमतेम पोचतं, पण पोचतं. पडद्यावर ती ओळ येते. ती थांबते, घोटभर पाणी पिते, ओळ पुसते आणि पुढचा रिपोर्ट घेते.