क्रमाने लावलेल्या बाटल्या

ब्युरेटच्या टोकाशी एक थेंब फुगतो आहे. सुटायला त्याला चार सेकंद लागतात. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून हेमलता मगदूम थेंब मोजते आहे. तीन. चार. पाच. मग पाहते तर खालचं चंचुपात्र काठोकाठ भरलेलं. मधले थेंब कुठे गेले, ते तिला कळत नाही. अपस्माराचा बारीकसा झटका आत्ताच येऊन गेला. त्याच्यामागून येणारी झोप आता येते आहे. पापण्या मिटतात तोच कुणीतरी ब्युरेटची तोटी बंद करतं.

"निजला व्हय, मॅडम?"

शिवाप्पामामा. कॉलेजच्या रसायनशाळेतले शिपाई. मार्चमध्ये, ऐन परीक्षेत वारले. तरी खाकी शर्ट तोच, बाहीवरची भोकंही तीच.

"मामा, मेल्यावर तरी शर्ट बदलायचा."

"भोकं तुमच्याच ऍसिडची हायती. कशाला टाकू?"

ती हसते. ओट्यावर बाटल्या मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि मामांच्या हातचा तिरका आकडा. बारा वर्षं ते प्रत्येक प्रॅक्टिकलआधी अशाच, वापरायच्या क्रमाने, बाटल्या लावून ठेवत. ती डावीकडून उजवीकडे सरकत जायची. डॉक्टर विचारायचे, "कामात काही अडचण?" ती म्हणायची, "नाही."

"मला क्रम आठवत नाही, हे तुम्हाला कसं कळलं, मामा?"

"तुम्ही बाटल्यांसमोर थांबायचा. सगळं तोंडपाठ, पण हात उचलायचा न्हाई. मग घातले नंबर."

ओटा आता तिच्या स्वयंपाकघरातला आहे. बाटल्यांत मोहरी, हळद, हिंग. आकडे गळून पडलेत. गॅस पेटलेला, कढई तापून लाल. फोडणीत काय काय लागतं ते सगळं तिला माहीत आहे. आधी काय, तेवढंच माहीत नाही.

"पहिलं काय, मामा?"

कढईत ऍसिड आहे आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या.

"मंगळवारी मी ऍसिडमध्ये पाणी ओतलं," ती सांगते. "असं कधी करायचं नाही, हे बावीस वर्षं मुलांना मीच शिकवते आहे. माझ्या बॅचमधल्या अंजुमच्या बाहीवर उडालं. कातडीला लागलं नाही."

"आन् ती वाकून बघत असती तर?"

ती तांब्या खाली ठेवते.

"गोळी वाढवून बघा की."

"वाढवली. झटके कमी होतील, म्हणाले. क्रमाचं हे गेलेलं भान परत येईल असं मात्र कुणी म्हणत नाही."

ओटा संपतो तिथे एसटी स्टँड आहे. सगळ्या फलाटांवर एकच आकडा, कुठली गाडी कुठली ते कुणालाच कळत नाही. मामांच्या खांद्याला पिशवी आहे.

"जाण्याआधी एकदा नंबर लावून द्या."

मामा दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात. "पट्टी संपली, मॅडम. आन् नंबर घातले हेच चुकलं माझं. तुम्हाला कळलंच न्हाई, तुमचं काय चाललंय ते."

"कळत होतं," ती म्हणते. "मला कळत होतं, मामा."

गाडी निघते. ते मागे वळून बघत नाहीत.

हेमलता जागी होते. टेबलावर पाणी पसरलं आहे, ब्युरेट रिकामी झाली आहे. मनगटाला काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. टेबलाच्या कडेला उरलेली जुनी, पिवळी पडलेली पट्टी तिथे चिकटून आली आहे. तिच्यावर एक तिरका आकडा: १.

दारात वृषाली उभी आहे, विभागातली नवी शिक्षिका.

"मॅडम, बरं वाटतंय ना? बॅच बाहेर थांबलीय. पहिलं काय घ्यायचं?"

ड्रॉवरमध्ये मार्चपासून लिहून ठेवलेला अर्ज आहे. हेमलता तो बाहेर काढते. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडते आणि अर्जावर ठेवते.

"पहिलं म्हणजे या किल्ल्या घे, वृषाली. आजपासून मी प्रयोगशाळेत शिकवणार नाही."