बरो गरो

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं मला कधी जमलं नाही. ओरोसच्या सरकारी कचेरीत खिडकीशी बसून माझा निम्मा जन्म गेला. माणूस समोर येऊन "बाई, ता माजा सातबाऱ्यार..." एवढं म्हणाला की मी सांगून मोकळी, "वारसाची नोंद राहिलीय, पलीकडच्या टेबलावर जा." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, म्हणून ही आपली हुशारीच आहे असा माझा समज होता. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये म्हणतात. शब्दाबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

बाबा नेमके याच्या उलट. आमचं गाव धामापूरच्या अलीकडे. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराकडे, आणि चाळीसेक वर्षं तो बाबांनी सांभाळला. हातात नारळ घेऊन देवापुढे उभं राहायचं आणि ज्याचं जे दुखणं असेल ते देवाच्या कानावर घालायचं. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. मधलं मात्र ज्याचं त्याचं वेगळं, ते तिथल्या तिथे सुचावं लागतं. बाबा सावकाश बोलायचे. मध्येच थांबले तरी बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. त्यांचं वाक्य संपलं की सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणायचं, इतकंच. गावातल्या सगळ्यांसाठी त्यांनी मागितलं, स्वतःच्या घरासाठी कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपला आपण मागूचा नसता गो."

भातकापणीच्या दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजव्या हाताची बोटं लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द हाताशी येत नव्हते. आई आधीच गेलेली, मला भावंड नाही, लग्न मोडल्यापासून मीही एकटीच, म्हणून मी त्यांना माझ्या क्वार्टरवर घेऊन आले. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. वेळ लागू दे." मी मान डोलावली आणि घरी आल्या आल्या सुरू झाले. पाणी हवं? चादर? पंखा लावू? ते डोळे मिटून घ्यायचे आणि मला वाटायचं, दमले असतील.

जेवणाचं दुखणं निराळंच होतं. डाव्या हाताने घास घेता येत होता, पण कोणाच्या देखत डाव्या हाताने जेवणं त्यांच्या मनाला पटेना. चमचा दिला तर तोही डाव्याच हातात. मी भरवायला गेले की ओठ घट्ट. मी स्वयंपाकघरात गेले की पाठ फिरवून दोन घास खायचे, आणि माझी चाहूल लागली की हात मांडीखाली. दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि मी त्यांच्यावरच चिडत होते.

क्वार्टरकडे वळणाऱ्या रस्त्यावर बर्गरचं एक दुकान आहे. पत्र्याची शेड, चार प्लास्टिकची टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेलं: चिकन, मासो, भाजी. चालवणारी ख्रिस्ती बाई साठीच्या पुढची, गोव्यातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत उमेदीची वर्षं घालवून परत आलेली. सगळे तिला आंटी म्हणतात. दवाखान्यातून येताना एक दिवस बाबा चालून चालून थकले आणि तिच्या दाराच्या खांबाला टेकले, म्हणून आम्ही आत बसलो. नाहीतर बाबा आणि बर्गर यांची गाठ कोणी घातली असती?

"काय व्हया काकानू?" आंटीने विचारलं.

"त्यांना भाजीचा द्या," मी म्हणाले.

"तुका नाय इचारलंय गो."

तरी त्या दिवशी तिने भाजीचाच आणला. मी सुरी मागून त्याचे तुकडे करणार, तोवर बाबांनी तो डाव्या हाताने उचलला. उजवा हात खाली आणून आधाराला लावला आणि एक घास घेतला. मग इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या टेबलावर कॉलेजच्या दोन मुली, त्यापलीकडे कचेरीतले दोघं, सगळेच दोन्ही हातांनी खात होते. तिथे कोणाचा डावा आणि कोणाचा उजवा, कळायला मार्गच नव्हता. बाबांनी चारचौघांत बसून अख्खा बर्गर संपवला. मी रस्त्याकडे तोंड करून बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

मग दर गुरुवारी, व्यायाम झाला की आम्ही तिथेच. आंटीची एक तऱ्हा होती. बाबांना विचारल्यावर ती उलथणं हातात धरून उभी राहायची, तव्यावर काही का करपेना. तिसऱ्या गुरुवारी बाबांचे ओठ हलले. "ब... बरो..."

"बर्गर," मी म्हणाले. बाबांनी तोंड मिटलं.

बाबा गाऱ्हाणं घालतात हे मीच आंटीला कधीतरी सांगितलं होतं. ती माझ्याकडे वळली. "गाऱ्हाण्यात मदी कोण बोलता काय गो? गप रव. माका घाय नाय."

मी गप्प राहिले. बराच वेळ गेला. मग बाबा स्पष्ट म्हणाले, "बरो गरो."

आमच्याकडे बरो म्हणजे चांगला, आणि गरो म्हणजे फणसाचा गरा. झटक्यानंतरचे ते त्यांचे पहिले दोन धड शब्द. मी सुधारायला तोंड उघडणार होते, पण आंटी तव्याकडे निघालीसुद्धा. "काकांक एक बरो गरो," ती स्वतःलाच म्हणाली. बाबा चुकले होते की थट्टा करत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे त्या कॉलेजच्या मुलीही तसंच मागायला लागल्या.

जत्रेच्या पंधरा दिवस आधी चुलतभावाचा फोन आला. "यंदा गाऱ्हाणा मी घालतंय. काकांक तरास नको." त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण फोन स्पीकरवर होता, आणि बाबांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. यंदा एकदा तरी देवापुढे आपणच उभं राहायचं असं त्यांच्या मनात आहे, हे तेव्हा मला कळलं. त्यानंतर दुकानातच सराव सुरू झाला. ठरलेली सुरुवात चटकन जिभेवर आली. "बा देवा म्हाराजा..." आणि तव्यापासून आंटीचा आवाज, "व्हय म्हाराजा." मी चकित होऊन पाहिलं तर म्हणाली, "हयच जलमलंय गो, माका कान आसत." मधलं मात्र येईना. तिथे बाबा अडायचे, आणि मी शब्द पुरवायची, आणि आंटी माझ्याकडे नुसती पाहायची.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळात सगळा गाव जमला होता. चुलतभावाने आपणहून नारळ बाबांच्या हातात दिला. डाव्या हातात नारळ, खालून उजव्याचा आधार. दुकानात बर्गर धरायचे तसाच धरला. सुरुवात खणखणीत झाली. "व्हय म्हाराजा" असा आवाज उठला. पहिलं गाऱ्हाणं शेजारघरच्या सुनेचं होतं, लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. "ह्या बायच्या..." म्हणून बाबा थांबले. देवळात कोणी हललं नाही. गावाला त्यांच्या थांबण्याची सवयच होती, गाव आणखी कितीही वेळ थांबला असता. बायकांच्या बाजूला खांबाशी उभी असलेली मी मात्र थांबले नाही.

"पोटाक फळ दी रे म्हाराजा," मी मोठ्याने म्हणाले. खिडकीशी बसून बोलते त्याच आवाजात.

कोणीही "व्हय" म्हटलं नाही. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग नारळ चुलतभावाच्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांचं बोलणं झटक्याने नेलं होतं. त्यांचा मान मी घालवला. हे मी आजही कोणासमोर बोलत नाही, पण खरं ते खरं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्रयत्न करणंच सोडलं. व्यायामाला यायचे नाहीत, घरात हूं की चूं नाही. मी हात धरून "बाबा, चुकलं माझं" म्हटलं तेव्हा भिंतीकडे पाहत राहिले. तीन आठवडे असे गेल्यावर एका गुरुवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात नेलं. जत्रेतली गोष्ट आंटीच्या कानावर गेलेली होतीच. "काय व्हया काकानू?" तिने नेहमीसारखंच विचारलं. बाबांनी फळ्याकडे बोट दाखवलं. तिने बर्गर आणून ठेवला.

बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, पण तोंडाकडे नेला नाही. छातीशी धरला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "तुजी लेकरा हय बसली आसत..."

"व्हय म्हाराजा," आंटी म्हणाली. बाजूच्या मुलींनी फोन खाली ठेवले.

"ह्या माज्या... ह्या माज्या चेडवाक..."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. ज्या माणसाने घरासाठी कधी काही मागितलं नाही, तो माझ्यासाठी मागत होता. पुढचा शब्द येईना. माझ्याकडे शब्दांचा काय तोटा? आयुष्य, तब्येत, मोडलेल्या लग्नानंतर कोणाची तरी सोबत, थोडी अक्कल. आंटीने गॅस बंद केला, तव्यावरची चरचर थांबली. मी जीभ दाताखाली धरली. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग त्यांचा शोधणारा चेहरा निवला आणि तोंड हळूच मिटलं. त्यांच्यापुरतं वाक्य संपलं होतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. मग त्यांनी बर्गरचा घास घेतला.

चैत्रात बाबा गेले. मी अजून त्याच खिडकीशी बसते. लोक बोलतात, अडतात, मी थांबते; रांग वाढते आणि सहकारी कुरकुरतात. गुरुवारी आंटीकडे जाते. ती विचारते, मी पुरते शब्द उच्चारून "एक बरो गरो" मागते. बाबांनी माझ्यासाठी काय मागितलं ते मला ठाऊक नाही. जे काही असेल, त्याला मी होकार देऊन बसले आहे.