रस्त्याकडचा ओटा

आमचं घर आम्ही नसताना बांधलं गेलं. आमच्या भागात बहुतेकांची घरं अशीच होतात. दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला निघतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततो. पावसाळ्यात बांधकाम निघत नाही. त्यामुळे घर गावात आणि घरवाले उसाच्या फडात, असाच मेळ बसतो. भिंतींवर पाणी मारायला आणि गवंड्यावर नजर ठेवायला कुणीतरी मागं लागतं. आमच्या मागं माझे थोरले दीर होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. गावात त्यांचं किराणा दुकान आहे, तोडीला ते कधी गेले नाहीत आणि भावकीत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

मी मोडला. त्याचीच ही हकीकत, आणि ती सांगताना मला जराही ओशाळल्यासारखं होत नाही.

लग्न झाल्यापासून माझा अर्धा संसार कोपीत झाला. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, त्यावर चटई आणि वरून ताडपत्री. आत वाकून शिरावं लागतं, म्हणून स्वयंपाक बाहेर तीन दगडांवर. समोरून उसाचे ट्रॅक्टर जातात, मुकादम जातो, कुणी मोटरसायकल थांबवून प्यायला पाणी मागतो. मी भाकरी थापत असते आणि येणारा-जाणारा बघत असतो. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही. गावी परतलं की मात्र मी सासरच्या जुन्या घरातल्या शेवटच्या खोलीत. तिला खिडकी नव्हती. बाहेर कोण आलं ते खोकण्यावरून ओळखायचं आणि त्या हिशेबानं चहात पाणी वाढवायचं. मी वडवणीच्या शाळेत बारावीपर्यंत शिकलेली बाई, पण त्या खोलीत मला ऊन कुठवर आलंय तेसुद्धा कळत नसे.

म्हणून आपलं घर बांधायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघर पुढं हवं, रस्त्याकडं. खिडकीखाली ओटा आणि उभं राहिलं की समोर रस्ता. बाकी हॉल केवढा, जिना कुठून, याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं.

पाया खोदून आम्ही तोडीला गेलो आणि तिथं कोपीपुढच्या मोकळ्या जागेत मी माझं स्वयंपाकघर मांडलं. जमीन झाडून घेतली आणि ऊस आडवे टाकून भिंती आखल्या, अगदी खऱ्या मापाच्या. मधे एक फट सोडली ते दार, दुसरी सोडली ती खिडकी. उसाच्या मोळ्या एकीवर एक रचून वर फळी टाकली, तो ओटा. माझ्या कोपराच्या जरा खाली येईल एवढाच उंच. गाडी भरून झाल्यावर टोळीतल्या बायका यायच्या आणि आत शिरून बघायच्या. भिंतीवरून पाय टाकून कुणी येत नव्हतं, दारातूनच यायच्या. एकीनं नसलेला नळ सोडून हात धुतले आणि पदराला पुसले. दुसरी म्हणाली, "मांडणी हिकडं घे, न्हाईतर भांडं काढाया सारखं वळाया लागंल." तिचं खरं होतं, मी मांडणी हलवली. आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो, पण प्रत्येक बाई निघताना खिडकीशी जरा थांबायचीच.

नवऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढून दादांना पाठवला. माझा नवरा मनानं चांगला आहे, पण थोरल्या भावापुढं त्याची वाचा बसते. फोनवर दादा म्हणाले, "बरं बरं. बघतो मी." दादांचं 'बघतो' म्हणजे नाही, हे घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण मी इतकी खुशीत होते की ते 'बघतो' मला होकारासारखं ऐकू आलं. वर मी बाहेरचा रंगही सांगून टाकला. निळा.

त्यावर मोठ्या जाऊबाईंनी फोन हातात घेतला. "निळा कावून गं? लोकं काय म्हनतील? तो रंग त्यांच्याकडला हाय."

आमच्याकडे रंगांनाही जात चिकटवून ठेवली आहे. निळा यांचा, पिवळा त्यांचा, हिरवा पलीकडच्या आळीचा. अलीकडे तर हे वेड एवढं वाढलंय की माणूस शर्ट घेतानासुद्धा दोनदा विचार करतो. मग आपल्या वाट्याला उरतं काय, तर बदामी. आमच्या गल्लीत भावकीची सगळी घरं बदामी आहेत, ओळीनं बिस्किटं मांडल्यासारखी. दादांनी एकदा ठरवलं आणि सगळ्यांनी तोच डबा आणला.

"जाऊबाई, झेडपीच्या शाळंत आपल्या पोरी निळा फ्रॉक घालूनच गेल्या की," मी म्हणाले. "तवा कुनी शाळा बदलली न्हाई."

"पर तुला निळाच कावून?"

"मला आवडतो."

याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं आणि आजही नाही. आपल्या घराच्या रंगाला आवडीपेक्षा मोठं कारण लागतं, हेच मला मुळात पटत नाही.

पाडव्याच्या आधी परतलो. ट्रॅक्टरमधून सामान उतरायच्या आधीच मी घर बघितलं. ते बदामी होतं. पुढं मोठी खोली, तिला रस्त्याकडं रुंद खिडकी, आणि तिच्यात दादांनी हौसेनं आणून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. स्वयंपाकघर शेवटी. कडप्प्याचा काळा ओटा, भिंतीवर द्राक्षांच्या आणि कपबशांच्या चित्रांच्या टाइल्स, आणि वर छताजवळ हाताच्या पंजाएवढी सिमेंटची जाळी. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागत होता. काम मजबूत होतं, ते मी नाकारत नाही. दादांनी सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारलं होतं, सिमेंटची गोणी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. पण ओट्यापुढं उभी राहिले आणि माझ्या नाकासमोर द्राक्षं आली. मला रडू आलं नाही. माझं डोकं फिरलं.

आमच्यात थोरले दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी दादा जे सांगायचं ते नवऱ्याला सांगतात. तसंच झालं. ते त्याला म्हणाले, "तिला सांग, बाईमानसाची चूल मागंच बरी. रस्ता वाहता हाय. येनारा-जानारा तोंड बघत जाईल. आपल्या घरची आब्रू हाय."

यात वास्तुशास्त्रही माझ्या बाजूनं होतं, बरं का. घर पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे चुलीचा आग्नेय कोपरा रस्त्याकडेच येतो. एरवी दाराची चौकटसुद्धा मुहूर्त काढून बसवणाऱ्या दादांना ते कळत नव्हतं असं नाही. पण अब्रू मधे आली की शास्त्राला कोण विचारतो. मी त्या दिवशी वाद घातला नाही, कारण वास्तुशांतीची तारीख धरलेली होती आणि मला सगळ्यांच्या देखत बोलायचं होतं.

वास्तुशांतीला भावकी जमली. पूजा आटोपली आणि जाऊबाई नव्या पातेल्यात दूध घेऊन मागच्या खोलीकडं निघाल्या. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालतात, आणि जिथं ते उतू जातं तीच घराची चूल ठरते. मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं. बाहेर उरलेल्या विटांतल्या तीन विटा आणून पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि पातेलं ठेवलं.

"अगं फरशी काळी हुईल," जाऊबाई म्हणाल्या.

"हू द्या."

खोलीत धूर झाला. पाहुणे खुर्च्या उचलून बाहेर गेले. दादा दारात येऊन नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, रस्त्यावरून समदं दिसतंय."

"दादा, माज्याशी बोला," मी म्हणाले. "सा म्हयने मी उघड्यावर भाकरी थापते. तवा येनारा-जानारा बघत न्हाई का? तवा आब्रू जात न्हाई, अन् सोताच्या घरच्या खिडकीत उभं ऱ्हायलं की जाती व्हय?"

दादा खरंच थेट माझ्याशी बोलले. "तिकडची गोष्ट येगळी. तिकडं आपल्याला वळखतंय कोन?"

"मी वळखते की मला," मी म्हणाले.

तेवढ्यात दूध उतू गेलं. फरशीवर पसरलं, विटांखाली करपलं, सगळीकडं जळका वास सुटला. एका म्हातारीनं सवयीनं हात जोडले, मग बाकीच्यांनीही जोडले. चूल तिथं ठरली. आता ती हलवायची तर वास्तुशांती परत घालावी लागली असती, आणि पुन्हा एवढा कुटाणा करायची दादांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. तो हॉलच्या मधोमध उभा राहून डोकं खाजवत होता. "इथं वटा? आवो, लोकं मला हसतील. मालकास्नी इचारतो."

मालक म्हणजे माझा नवरा, तिथंच पायरीवर बसला होता. मी गवंड्याला म्हणाले, "मुकादम नवरा-बायकूला मिळून एक कोयता धरतो. त्यातला अर्धा कोयता मी हाय. या घराच्या अर्ध्या मालकानं तुमास्नी सांगितलंय, आता ऱ्हायल्याला अर्धा बसलाय त्यो बघा, इचारा." आणि मी नवऱ्याकडं बघितलं. दादांशी भांडायचं बळ माझ्यात होतं, पण हा माणूस आता गप्प बसला असता तर त्या घरात मी पाहुणीच ठरले असते.

नवऱ्यानं खाली बघत पायरीवरची खडी बाजूला केली. मग म्हणाला, "ती म्हनती तसं करा. तिच्या कोपराचं माप घ्या, माज्या न्हाई."

मोळ्यांच्या ओट्याचं माप त्याच्या लक्षात होतं. त्या माणसाला मी त्या दिवसापासून भित्रा म्हटलेलं नाही.

रंग आम्ही दोघांनी दिला. चौसाळ्याच्या दुकानदारानं शेड कार्ड पुढं करून आधी मला बदामी दाखवला, मग मोतिया, मग साय. मी निळ्यावर बोट ठेवलं तेव्हा त्यानं आमचं आडनाव विचारलं. मी म्हणाले, भिंतीला रंग द्यायचाय, आडनावाला नाही. बदामीवर निळा चढेना. पहिला हात दिला तेव्हा घर आजारी माणसासारखं दिसत होतं. गल्लीतली माणसं उगाच त्या बाजूनं चकरा मारू लागली, एकानं तर उभं राहून विचारलं की तुम्ही पार्टी बदलली काय. दुसरा हात दिला, तिसरा दिला, आणि घर एकदाचं निळं झालं. खालच्या आळीतली एक बाई जाता जाता थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "झ्याक दिसतंय." मी तिला खिडकीतून पाणी दिलं. जाऊबाईंनी ते बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना माझा खलबत्ता हवा होता, तेव्हा बोलल्या.

आता आमच्याकडे बैठक मागं आहे. काळा ओटा फोडला नाही. पाहुणे त्याच्यावर टोप्या आणि पिशव्या ठेवतात आणि भिंतीवरच्या द्राक्षांकडं बघत बसतात. येणारा आधी माझ्या चुलीवरून जातो, मग आत बसतो. मला रस्त्यावरचं सगळं दिसतं. एसटी किती भरून आली, कुणाची म्हैस सुटली, दुपार कुठवर कलली, सगळं. लोक माझं तोंड बघतात, मी त्यांचं बघते. बहुतेकांना 'काय चाललंय' एवढंच विचारायचं असतं.

दादा पुष्कळ दिवस आले नाहीत. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीच्या कामासाठी यावंच लागलं. खालमानेनं माझ्या समोरून गेले आणि मागं जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर शर्टाची वरची बटणं सोडून टोपीनं वारा घेत होते. लाइट गेलेली होती. जाळीतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता.

"लई कोंदतंय रं हितं," ते नवऱ्याला म्हणाले. "जीव घाबरा हुतोय. घडीभर बसवना."

मी चहा त्यांच्या हातात दिला. "दादा, हितं मी जलमभर उभी ऱ्हानार हुते," मी म्हणाले.