बास्ता म्हणजे बस, आता

आमची ही कधी बसत नाही. म्हणजे बसते, पण बूड टेकलं न टेकलं तोच उठते. चहाचा कप घेऊन खिडकीपाशी जाते, तिथून ओट्याशी, ओट्यापासून दारापर्यंत, आणि शेवटचा घोट कुठल्या तरी भिंतीकडे बघत उभ्याउभ्याच घेते. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या पंपघरात गेली. खुर्चीत बसून दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. लग्नानंतर सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "जोडा शोभतो. तुम्ही बसा, ती फिरेल."

ती शाळेत चित्रकला शिकवायची. वर्गातल्या तिच्या खुर्चीवर मुलांनी काढायची सुरई ठेवलेली असे. घरातही तेच. सकाळी उठून पाणी प्यायला निघावं तर वाटेत कपाट.

"अगं, हे इथे कधी आलं?"

"आलं नाही, मी आणलं. मागची भिंत बघायची होती."

भिंत हा तिचा खरा विषय. कुणाच्याही घरी गेली की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघते. लेकीच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा व्याही आतून सरबत घेऊन आले आणि ही कोपऱ्यात कान लावून उभी. "इथे पोकळ आहे हो," ती म्हणाली. व्याह्यांनी ट्रे तसाच धरून विचारलं, "घर बघायला आलात की आम्हाला?" लेकीने कपाळावर हात मारला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

हे सगळं सुरू झालं तिच्या कॉलेजच्या दिवसांत. तिथे असताना ती एक सहामाही तिकडे, परदेशात, शिकायला गेली होती. देशाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. तिकडे म्हटलं की पुरतं. तिकडचं ऊन, तिकडचे दगडी जिने, तिकडची घरमालकीण, जी ही पायऱ्या उतरताना रोज वरून ओरडायची आणि काय ओरडायची ते हिला शेवटपर्यंत कळलं नाही. हे सारं मी इतकं ऐकलंय की मीही तिथे राहून आलोय असं कधीकधी वाटतं.

तिकडे ती ओल्या भिंतीवर चित्र काढायला शिकली. सकाळी भिंतीवर चुन्याचा ताजा थर द्यायचा, पण जेवढं त्या दिवसात रंगवून होईल तेवढाच. थर ओला असतानाच रंग लावला तर भिंत तो पिऊन टाकते आणि तो कायमचा राहतो. सुकल्यावर लावला तर नुसता वर बसतो आणि पुढे पोपडे धरतो. संध्याकाळी जेवढा थर रंगवायचा राहिला तेवढा थापीने कापून टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्याला लागून नवा. त्यामुळे चित्रात रोजच्या कामाची शिवण राहते. नीट बघणाऱ्याला ती दिसते.

चुना शिकवणारे एक मास्तर होते. त्यांना चित्र अजिबात येत नसे. चुना, वाळू, थापी, एवढीच त्यांची विद्या. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती. कुणी जास्त घोटायला लागलं की ते डावा पंजा वर करून म्हणायचे, "बास्ता!" म्हणजे पुरे.

ही तिथे नवीन. भाषा येत नाही. पहिल्याच आठवड्यात ती घमेल्यात चुना मळत होती, मळतच होती. मास्तर आले, पंजा वर केला आणि म्हणाले, "बास्ता!" हिने ऐकलं, "बस, आता." हिला वाटलं, काय देवमाणूस आहे, आपल्या भाषेतले दोन शब्द शिकून आला. ती शेजारच्या पालथ्या बादलीवर मुकाट्याने बसली. मास्तर बघतच राहिले. तिने खुणा करून, मोडकंतोडकं बोलून समजावलं, तेव्हा सगळा वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. त्या दिवसापासून मास्तर बास्ता म्हणाले की अख्खा वर्ग असेल तिथे खाली बसायचा. पुढे पुढे मास्तरही बसायला लागले.

ही गोष्ट ती पाहुण्यांना नेहमी सांगते. सांगताना पंजा वर करते आणि करंगळी वाकडी धरते. मला ती इतकीच माहीत होती.

या वर्षी आमची नात, चिमी, तिकडे गेली. तीही कॉलेजात, तीही एका सहामाहीपुरती. तिचा विषय पूल बांधण्याचा, शहरही वेगळं. ती निघायच्या आधी आमच्याकडे राहायला आली आणि ही तिची बॅग भरायला बसली. म्हणजे उभीच राहिली. एक स्वेटर तिने घडी करून ठेवला, काढला, परत ठेवला.

"आजी, तू बॅग भरतेस की रिकामी करतेस?"

"चिमे, एक काम करशील?"

"भिंत ना? आई म्हणाली होती, आजी भिंत सांगणार."

"तुझी आई फार शहाणी आहे. माझ्या तिकडच्या कॉलेजात जिन्याच्या वळणावर एक भिंत आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून रंगवली होती. डावीकडची खिडकीतली बाई माझी. तिला उजवा हात आहे का, एवढं बघून ये."

चिमी हसली. "आजी, बाईला हात नसेल कसा?"

मग हिने गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. मी पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा भाग मीही पहिल्यांदाच ऐकला.

शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची गाडी. बाई पूर्ण झाली होती, फक्त उजवा हात राहिला होता, मनगटापासून पुढे. थर अजून ओला होता, पण फार वेळ राहणार नव्हता. ही चेहऱ्यावरच परत परत ब्रश फिरवत होती. मास्तर मागून आले, पंजा वर केला आणि हळूच म्हणाले, "बास्ता."

"मला वाटलं, चेष्टा करतायत. नेहमीसारखी. शेवटचा दिवस म्हणून. मी हसले आणि बसले फळीवर. पाणी प्यायले. वळून बघते तर मास्तरांनी हाताचा थर कापून टाकलेला. खाली नुसती खरबरीत भिंत."

"पण तू सांगायचंस ना, की मला वेळ हवाय."

"बसले नसते तर सांगितलं असतं. थोडं थांबा म्हणाले असते, पाया पडले असते. पण मी बसले, आणि त्यांना वाटलं, पोरीला पटलं." तिने स्वेटर परत बाहेर काढला. "बाई तशीच राहिली. हाताशिवाय. मी निघून आले."

माझ्या हातात दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते.

चिमी गेली आणि आमच्या घरात कहर सुरू झाला. कपाट तीनदा हललं. गॅलरीतल्या भिंतीचा एक पोपडा हिने नखाने काढला, मग शेजारचा, मग चाकू आणला. "भिंत अजून असेल का हो?" हे जेवताना, औषध घेताना, भाजी निवडताना. "पांढरी करून टाकली असेल. नाहीतर जिनाच पाडला असेल." मी म्हणायचो, असेल गं. मग ती म्हणायची, "तुम्हाला काय जातंय असेल म्हणायला." मग मी म्हणायचो, नसेलही. त्यावर तर ती खोलीतूनच निघून जायची. पंपघरातला काटा बरा होता, निदान त्याला लाल रेघ होती.

एका सुटीच्या दिवशी दुपारी चिमीचा व्हिडिओ कॉल आला. ही फोन हातात घेऊन खोलीत गोल फिरायला लागली.

"आजी, स्थिर धर! मला फक्त पंखा दिसतोय."

"पोचलीस? जिना आहे?"

"जिना आहे. पण वळणावर मोठा नोटीसबोर्ड लावलाय. शिपाईकाका म्हणतात, मागे काही नाही."

"मागे काही नाही? त्यांना म्हणावं, बोर्ड काढा आणि मग सांगा!"

"तेच म्हटलंय गं. स्क्रू काढतायत. पुटपुटतायत पण."

ही भिंतीला टेकून उभी राहिली. मी फोनला खालून आधार दिला. बोर्ड सरकल्याचा आवाज आला. आधी धूळ दिसली, मग खिडकीची निळी चौकट, मग एका बाईचा चेहरा. बाई जरा रागावलेली दिसत होती, पण ते मी बोललो नाही.

"खाली ने," ही म्हणाली. "खाली, उजवीकडे. तिच्या उजवीकडे गं, तुझ्या नाही!"

"आजी... हात आहे."

फोन जवळ गेला. मनगटावर शिवण होती. आणि शिवणीच्या पुढे हात होता, जाडजूड, पाचही बोटं असलेला.

"कुणी केला?" हिचा आवाज चढला. "माझ्या बाईला असला हात कुणी लावला? अंगठा बघा कुठे आहे. हा डावा आहे! उजवीकडे डावा हात लावलाय!"

चिमी तिकडे हसायला लागली. "आजी, तुझ्या बाईला दोन्ही हात डावे आहेत."

"हसतेस काय! चित्र येणारा कुणी असं करेल का? येत नसेल तर माणूस स्वतःच्याच हाताकडे बघून काढतो. उजव्यात ब्रश, मग समोर धरायला उरतो डावा..."

तिथे ती थांबली. फोन आणखी जवळ घेतला, इतका की मला काही दिसेना.

"चिमे, करंगळी दाखव."

करंगळी वाकडी होती. मोडून जुळावी तशी.

पलीकडे शिपाईकाका काहीतरी विचारत होते. चिमी म्हणाली, "आजी, बोर्ड परत लावू का विचारतायत."

"थांब म्हणावं," ही म्हणाली. "जरा थांब म्हणावं त्यांना."

मी तिला खुर्चीवर बसवलं. म्हणजे तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बसली. मी चहा केला. तिने तो बसून प्यायला, गरम असताना. मी समोर बसून बघत होतो. वाटलं, संपलं, आता कपाट जागेवर राहणार.

"सकाळी आले असतील," ती म्हणाली. "मी गाडीत असताना. एवढासाच थर दिला असेल. चित्र येत नाही, शेजारी हात धरायला कुणी नाही. मग स्वतःचाच धरला." मग तिने कप खाली ठेवला. "पण डावा हो! बिचारी बाई. मास्तर, काय केलंत हे!"

आणि उठलीच. ड्रॉवर उघडला, कागद काढले, पेन्सिलीला टोक केलं.

"अहो, उजवा हात द्या. असा, चौकटीवर ठेवल्यासारखा. हलू नका."

"आता?"

"मग कधी? उजवा हात कसा असतो ते मला बघायचंय."

"किती वेळ धरू?"

"मी बास्ता म्हणेपर्यंत."

त्या दिवसापासून घरात माझ्या उजव्या हाताची चित्रं पडलेली आहेत. ओट्यावर, उशीखाली, औषधांच्या डब्यात. एकही तिला पसंत नाही. चिमीला तिने विचारलंय की तिकडे चुना अजून मिळतो का, आणि आपल्या वयाला जिना चढवेल का. गॅलरीतली सोललेली भिंत तशीच आहे, तिच्यावर काय करायचं ते ती मला सांगत नाही. मी चार ओळी लिहायला बसलो की हाक येते. हात तिला लागतो, मग लिहिणं राहतं. म्हणून एवढं लिहायलाही इतके दिवस लागले.

अजून ती बास्ता म्हणालेली नाही.