पहिला टोचा नडगीला

ठिपकेकाका म्हातारपणी घसरले, ही बातमी इस्त्रीवाल्या मावशींच्या टेबलावरून निघाली आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर घरोघर पोचली. दर बुधवारी दुपारी तीनला काका केसांना पाणी लावून, भांग पाडून समोरच्या शिलाईबाईंच्या घरात शिरतात. दार लागतं. पडदा ओढला जातो. शिलाई मशीनचा आवाज थांबतो. "थांबतो बरं का," मावशी हातातली इस्त्री वर उचलून सांगायच्या, "आणि चांगला तासभर थांबतो!" पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीप्रमाणे भरून घ्यायचं. काकांचं वय सदुसष्ट आणि बाईंचं पासष्ट, हा तपशील कोणाच्या आड आला नाही. उलट त्यानं बातमीला चव आली.

ठिपकेकाका हे नाव त्यांना त्यांच्या धंद्यानं दिलं होतं. बाजारामागच्या गल्लीत, न्हाव्याच्या दुकानाला लागून त्यांची टॅटू काढायची खोली होती. एक खुर्ची, एक स्टूल, मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतभर चित्रं. त्यातल्या वाघाचं तोंड मांजरासारखं होतं, पण ते काकांसमोर बोलायची सोय नव्हती. गोंदायचं यंत्र त्यांनी दारावरच्या विजेच्या घंटीचे भाग काढून स्वतः जुळवलं होतं. ते सुरू झालं की बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखं गुणगुणे, आणि पलीकडे दाढीला बसलेले लोक फेसातूनच म्हणत, "आज कोणीतरी प्रेमात पडलंय वाटतं."

प्रेमात पडलेल्यांना मात्र काका आठ दिवस परत पाठवत. "नाव काय, पुढच्या आठवड्यातही काढता येईल. पुसायला आलास तर मी खोलीला कुलूप लावून पळून जाईन." निम्मे परत येतच नसत. काकांची बायको त्याच गल्लीतल्या बेकरीवाल्याची मुलगी. तिनं लग्नाआधीच बजावलं होतं, "तुमच्याशी लग्न करीन, तुमच्या सुईशी नाही." तिच्या अंगावर त्यांनी कधी साधा तीळसुद्धा काढला नाही.

त्यांना काम शिकवलं एका फिरस्त्या उस्तादानं. त्याची एक शिस्त होती: सुई आधी आपल्या अंगावर चालवायची, मग गिऱ्हाइकाच्या. खोल जाते का, अडखळते का, हे आधी आपल्याला कळलं पाहिजे. दुसऱ्याच्या कातडीवर अंदाज घेतो तो कारागीर कसला? काकांनी ही शिस्त जिवापाड पाळली. गिऱ्हाईक बसलं की स्पिरिटच्या पेल्यातून सुई काढायची, पँटचा पाय वर करायचा, डाव्या नडगीला एक टोचा मारायचा आणि म्हणायचं, "चला, मला दुखलं नाही, तुम्हालाही दुखणार नाही." यातला दुसरा भाग खोटा असे. एकेका माणसामागे एकेक ठिपका असं करत करत त्यांच्या नडगीवर मुंग्यांची वरात निघाली होती.

धंद्याला अकरा वर्षं झाल्यावर बाजारात एकदा वापरून फेकायच्या, पाकीटबंद सुया आल्या. त्या विकणाऱ्यानं विचारलं, "पाकीट फोडून आधी स्वतःलाच टोचणार असाल तर पाकीट कशाला?" काका ओशाळले आणि शिस्त सुटली. का सोडायची, ते मात्र त्यांनी खोदून विचारलं नाही.

खोली बंद करून चार वर्षं झाल्यावर काका दम लागून जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागले. वय झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तसं न ठरवता रक्त तपासलं.

"काका, तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे. रक्तातून रक्तात जाणारी कावीळ. वर्षानुवर्षं गुपचूप बसते आणि आतून यकृत कडक करत जाते." मग त्यांची नजर खाली गेली. "ही पायावर काय नक्षी?"

काकांनी मोठ्या अभिमानानं उस्तादाची शिस्त सांगितली.

"आणि तीच सुई मग गिऱ्हाइकाला?"

"मधे स्पिरिटात बुडवायचो की. दोनदा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बुडवून हा विषाणू जातोच असं नाही, काका. तुम्ही गोळ्यांनी बरे व्हाल, वेळेत आलात. पण त्यांचं काय? त्यांना माहीतही नसेल."

काका त्या दिवशी घरी चालत गेले. ज्या गोष्टीची त्यांनी आयुष्यभर ऐट मिरवली, तीच त्यांना पायापासून वर चढताना दिसत होती. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी स्वतःचं रक्त देऊन आली, तिला काही निघालं नाही. मग तिनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढे आपटला. "रडत काय बसताय? शोधा."

डब्यात चित्रांचे कागद होते. एकाला काढलेलं चित्र दुसऱ्याला द्यायचं नाही, म्हणून काका प्रत्येक कागदामागे खूण लिहीत. 'लॉरीवाला, डावा दंड, फार बोलतो.' 'दोघी बहिणी, एकच मासा मागतात, दिला नाही.' कागद चाळताना काकांना हसू यायचं आणि मग हसता हसताच भरून यायचं. ती सगळी पोरं अजून त्या खुर्चीत दात आवळून बसली होती.

पहिल्या अकरा वर्षांतली तीसेक माणसं सापडली. कोणी शिव्या घातल्या, कोणी चहा पाजला, बऱ्याच जणांनी दोन्ही केलं. निवृत्त बसचालकानं मनगटावरचा लाल गुलाब पुढे केला. तो सुजून खरखरीत झाला होता. "ठिपक्या, काटे काढले नव्हतेस ना रे? मग टोचतात कसे?" त्याचं रक्त ठीक निघालं. गुलाबासाठी डॉक्टरीणबाईंनी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडलं. लाल रंग कधीकधी इतक्या वर्षांनीही कातडीला सोसत नाही म्हणे.

राहिला सगळ्यात जुना कागद. त्यामागे लिहिलं होतं: 'पहिली. उजवा दंड, वरच्या बाजूला. रडली नाही.'

शिलाईबाईंनी दार उघडलं आणि विषय निघताच लावूनही घेतलं, काकांना आत ठेवून. "ठिपक्या, माझ्या अंगावर मापाच्या टेपेशिवाय काही नाही."

"बाई, मीच काढलंय. आधी त्या वेळच्या त्या पोराचं नाव, मग वर्षभरानं त्यावर पान."

"हळू बोल! बावीस वर्षं नवऱ्याला ती जन्मखूण म्हणून सांगितली. तो बिचारा म्हणायचा, काय रेखीव जन्मखूण आहे." बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "रक्त देणार नाही. दवाखान्यात रक्त घेतो कोण? इस्त्रीवालीचा भाचा. सकाळी सुई टोचली की संध्याकाळी माझं सगळं तरुणपण कडक इस्त्री होऊन घरोघर जाईल."

काका पुढच्या बुधवारी गेले. त्याच्या पुढच्याही. बाई चहा करायच्या, जुन्या गल्लीतल्या मेलेल्या-जिवंत सगळ्यांची हजेरी घ्यायच्या, आणि रक्ताचं नाव काढलं की कात्री उचलायच्या. मधूनच त्यांना दम लागायचा. काकांना तो आवाज ओळखीचा होता. त्यांची रात्रीची झोप उडाली.

घरी बायकोला चेव आला होता. "अहो, मावशी म्हणत होत्या, तुम्ही अत्तर लावून जाता. घरात कधी लावलंत?"

"अगं, निदान तू तरी..."

"मी काय बोलणार? मी आपली तिथे कपडे द्यायला जाते आणि माझ्याच संसाराचं ऐकून येते. फार रंगतंय."

चौथ्या बुधवारी काकांनी समजावणं सोडलं. त्यांनी पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला आणि नडगी पुढे धरली. घोट्याच्या जरा वर, वरातीपासून लांब एक ठिपका एकटाच होता.

"हा तुमचा."

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ पाहिलं. "वाकडा आहे."

"हात थरथरत होता. पहिलंच गिऱ्हाईक. तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस, काढ."

"मी म्हणाले?"

"तुम्हीच. आता मी म्हणतोय."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "डॉक्टरीणबाईंना मागच्या दारानं आण," त्या म्हणाल्या. "आणि त्या भाच्याला यातलं काही कळता कामा नये."

खरी गोष्ट अशी. बाईंच्या रक्तात तोच विषाणू निघाला. तो काकांकडून त्यांना गेला, त्यांच्याकडून काकांना आला की दोघांनाही आणखी कुठून मिळाला, हे सांगता येत नाही. नमुना दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. त्यानंतर बारा आठवडे काका दर बुधवारी बाईंना आठवड्याच्या गोळ्या नेऊन देत आणि त्यांच्याजवळ तासभर बसत. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी तपासलं, तेव्हा दोघांच्याही रक्तात विषाणू नव्हता.