बाकावरचा बुधवार

आमच्या आत्याला हॉस्पिटलात सगळे 'हेडमास्तर' म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? तळमजल्यावरच्या लाँड्रीवर तिने एकवीस वर्षं राज्य केलं. घरी जेवताना हमखास म्हणायची, "माझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही." बाबा म्हणायचे, "मग वारा बिचारा काय करतो?" त्या दिवशी बाबांच्या ताटात भाजी जरा कमीच पडायची.

ऑपरेशनची कापडं तिथे धुऊन, घड्या घालून, गाठोड्यांत बांधून जंतू मारायला वाफेच्या यंत्रात जात. गाठोडी दिसायला सारखीच, फरक फक्त गाठींचा. एक गाठ हाडांच्या ऑपरेशनची, दोन पोटाच्या, तीन बाळंतपणाच्या. हे आत्याने स्वतःच ठरवलेलं आणि तिच्या एकटीच्याच डोक्यात. वरून फोन आला की तीच कपाट उघडून बरोब्बर गाठोडं काढून द्यायची. इस्त्रीवाल्याने एकदा विचारलं, "ताई, हे कुठेतरी लिहून ठेवू का?"

"का, मी काय मेले? तू तुझी इस्त्री बघ."

मग आत्याच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन तिच्याच हॉस्पिटलात. तिला टेबलावर घेतलं, सिस्टरने गाठोडं उघडलं, तर आतून निघाली बाळाची दुपटी! दुसरं मागवलं, ते हाडांचं. तिसरं येईपर्यंत डॉक्टरांची वेळ टळली आणि उपाशीपोटी कण्हणाऱ्या हेडमास्तरांना परत वॉर्डात आणलं. "एकालाही साधी गाठ कळू नये?" ती माझ्यावरच खेकसली, जणू मीच ती बांधली होती.

संध्याकाळी इस्त्रीवाला भेटायला आला. खाटेपाशी उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "ताई, मला गाठी कळतात. बघून बघून कळल्या. आज दुसऱ्याने चुकीचं गाठोडं उचललं, तेही दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो आणि चुकलो असतो तर? तुम्ही परत आल्यावर..."

आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. अशा गोंधळानंतर लोक यंत्राला दोष देतात, नशिबाला देतात, कामचुकार माणसांना देतात. इथे यंत्र ठीक होतं, माणसंही राबत होती. ज्याला माहीत होतं तो घाबरला होता, एवढंच.

शेवटी ऑपरेशन उरकून कामावर परतल्यावर तिने आधी भिंतीवर एक फळी ठोकली आणि तिच्यावर खऱ्याखुऱ्या गाठी बांधून खाली नावं लिहिली. मग बुधवार सुरू केला. दर बुधवारी सकाळी चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल, त्याने दिवसभर दाराबाहेरच्या बाकावर बसायचं. किल्ल्या खिळ्याला टांगायच्या. चहा प्यायला परवानगी, आतल्यांशी बोलायला नाही. बाकीच्यांनी त्याच्याशिवाय काम चालवायचं आणि चार वाजता प्रत्येकाने आपापली चूक सांगायची. रागवायचं कुणीच नाही. मोठ्या साहेबांना महिनाभर वाटलं, बाईंची भूल अजून उतरलेली नाही.

आत्याची चिठ्ठी पहिल्यांदा निघाली तेव्हा तिने चक्क रुमाल तोंडात धरला. आत साबण उतू जात होता. एका बुधवारी शिवणकाम करणाऱ्या काकूंनी कबूल केलं, की फेकायला सांगितलेल्या फाटक्या चादरी त्यांनी फेकल्याच नव्हत्या. ठिगळं लावून पेटीत ठेवल्या होत्या, कधीतरी लागतील म्हणून. आत्या लालबुंद झाली. पण नियम तिचाच होता, करते काय!

दीड वर्षाने शहराची मोठी जलवाहिनी फुटली. सकाळचे दहा, वार बुधवार, आणि बाकावर आत्या. यंत्रं साबणाच्या फेसासकट बंद पडली. वर एका बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले होते, तातडीने सिझेरियन करायचं होतं. साहेब जिना उतरून धावत आले ते थेट बाकापाशी.

"बाई, आता काय करायचं?"

"मला नका विचारू," आत्या म्हणाली. "इस्त्रीवाल्याला विचारा."

इस्त्रीवाल्याने खिळ्यावरची किल्ली घेतली, फळीकडे एकदा पाहिलं, तीन गाठींचं गाठोडं काढलं आणि स्वतः घेऊन जिना चढला. जाता जाता ओरडला, "काकू, पेटी उघडा! ठिगळाच्या चादरी वॉर्डांना द्या, चांगल्या सगळ्या ऑपरेशनसाठी राखून ठेवा!" आत्याने हे केलं नसतं. तिने कपाटाला कुलूप घालून पाण्याची वाट पाहिली असती. पाण्याचा टँकर आला चार वाजता.

त्याआधी, दुपारी बाराच्या सुमारास, सिस्टर मुद्दाम खाली आली. "मुलगी झाली. जोरात रडली. दोघी छान आहेत." सगळे बाहेर आले. इस्त्रीवाला आत्याकडे बघत राहिला, शाबासकीसाठी की बोलणी खायला, त्यालाही ठाऊक नसावं. आणि आत्याला तर बोलायला बंदी. आत्याने बाकावर सरकून जागा केली आणि त्याला शेजारी बसवलं. आपला चहा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी घरी येऊन तिने चपला काढल्या आणि दारातच बसून रडली. आम्ही घाबरलो. बाबा पाणी घेऊन आले.

"काय झालं गं?"

"दादा," नाक पुसत ती म्हणाली, "पान हललं. मी नुसती बसले होते, तरी हललं."

बाबांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. ताटं वाढायलाही तेच उठले.