उलटी उमटलेली घोटी

काकांची बोटं कायम पिवळी असायची. नुकती हळद लागलेल्या नवरदेवासारखी. फेरिक क्लोराइड या रसायनाचे डाग ते, साबणाला दाद देत नाहीत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सगळे त्यांना हळदकाका म्हणायचे. मी डिप्लोमा करून त्यांच्या गाळ्यावर कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढे करून दाखवले आणि म्हणाले, "बघून घे नीट. लग्नाचं बघतायत ना घरी? मग हातमोजे घालत जा." स्वतः मात्र त्यांनी जन्मात कधी घातले नाहीत.

शेतावरच्या मोटारींचे स्टार्टर, गिरणीचे कंट्रोल, असलं काय काय लोक घेऊन यायचे. कंपनी बंद पडलेली, आतला सर्किट बोर्ड जळून कोळसा झालेला. काका जळक्या बोर्डावरून तांब्याच्या रेघांचा नकाशा पुन्हा काढत, चकचकीत कागदावर छापत आणि तो कागद पालथा घालून इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवत. कुठे रेघ तुटली असेल तर नेलपॉलिशने जोडत. कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्याकडून ते लाल बाटली आणायचे, तेव्हा तो दरवेळी "काकूंना आवडली का मागची?" असं विचारायचा आणि काका दरवेळी लाजायचे.

मग घमेल्यात कोमट पाणी, त्यावर फेरिकचा ट्रे, आणि तो हलवत बसायचं. नको ते तांबं विरघळतं, रेघा उरतात. मी भराभर हलवायला लागले की म्हणायचे, "अगं सुजाता, घाई तुला आहे, तांब्याला नाही." वापरलेलं फेरिक त्यांनी एकदाही गटारात ओतू दिलं नाही. "गटार कुठं जातं माहितीये ना? गोदावरीत. तिथं आपणच आंघोळीला जातो." त्याचे भरलेले कॅन गाळ्याच्या मागे रांगेने उभे असायचे आणि मी त्यांना अडखळून रोज चिडायचे.

प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात ते गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव घालायचे. कळवण, निफाड, घोटी. घोटीचा एक भातगिरणीवाला एकदा हसून म्हणाला, "काका, कशापायी एवढी मेहनत? डब्यात बंद व्हनार, कोन वाचनार हाय?" काका म्हणाले, "बिघडून परत आला की मी वाचतो ना."

त्या नावाचा आणखी एक उपयोग होता. कागद पालथा घालायचा, म्हणून नकाशा आरशात दिसावा तसा उलटा छापावा लागतो, तेव्हा तो तांब्यावर सुलट उमटतो. नाव नीट वाचता आलं की बोर्ड बरोबर. नवशिके इथेच फसतात. मी चार वेळा फसले. काका तीस वर्षांत एकदाही नाही.

आणि एके दिवशी त्याच भातगिरणीचा बोर्ड ट्रेमधून निघाला, तर त्यावर घोटी उलटी होती. काकांनी तो धुतला, पुसला, उजेडात धरला, नावावरून बोट फिरवलं आणि खुशीत माझ्या हातात दिला. "बघ, अजून हात चालतो म्हाताऱ्याचा." त्यांना ते उलटं दिसतच नव्हतं.

ते जेवायला घरी गेले, तेवढ्यात मी दुसरा बोर्ड करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उलटा उमटलेला माझ्या पिशवीत टाकला. एकदा होतं माणसाचं, असं मनाशी म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा झालं. मग पुन्हा. वर्षभरात असे सहा बोर्ड माझ्या घरी कपाटात जमले आणि मी कोणाला अवाक्षर बोलले नाही. सांगितलं असतं तर काकांचं काम सुटलं असतं, आणि काम सुटलेले काका मला बघवले नसते. हे खरंय, पण ही सबब आहे हेही खरंय.

एका सकाळी ते भरलेला कॅन गटारात ओतताना दिसले. मी ओरडले. त्यांनी तपकिरी पाण्याकडे बघितलं आणि माझ्यावरच रागावले, "कोणी ओतलं हे?" त्याच दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आणायला हवं होतं. थोडं लांबवता आलं असतं." पुढे दोन वर्षं काका होते, पण मला ओळखून फार तर तीन महिने.

ते गेल्यावर तेराव्यानंतर मी ते सहा बोर्ड काकूंसमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते.

"त्या वर्षी मी त्यांना रोज तुमच्या गाळ्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचे," काकू म्हणाल्या. "रस्ता चुकायचे गं. ते आत शिरेपर्यंत तिथल्या चहाच्या टपरीमागे उभी राहायचे. तुला कळलं तर तू त्यांना घरी बसवशील, म्हणून बोलले नाही."

मग आम्ही दोघी रडलो. ते सगळं वर्ष आम्ही दोघी त्यांना एकमेकींपासून लपवत राहिलो, आणि मधल्यामध्ये ते एकटेच विसरत गेले.